दोन आणि तीनच्या मधले सर

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते स्टाफरूमच्या दारात उकिडवे बसून शहाबादी फरशीचा एक तुटका तुकडा चाटत होते. साताऱ्यातल्या त्या कॉलेजात गणित शिकवायला मी त्याच दिवशी रुजू झालो होतो, तासिका तत्त्वावर. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशात आईनं दिलेला अंगारा, आणि समोर पन्नाशी ओलांडलेला एक गृहस्थ जीभ बाहेर काढून बसलेला. मला वाटलं, फिट आली. मी पायातली चप्पल काढून त्यांच्या नाकाला लावणार, तेवढ्यात त्यांनी जीभ आत घेतली आणि खिन्नपणे म्हणाले, "चिकटत नाही. पॉलिश मारून मारून टाकलीय बिचारीला."

नंतर कळलं की हे भूगर्भशास्त्राचे विभागप्रमुख. विभाग जिन्याखाली होता आणि आत जाताना मान वाकवावी लागे, त्यामुळे तिथं येणारा प्रत्येक माणूस आपल्याला नमस्कार करतोय असं सरांना वाटायचं की काय कोण जाणे. प्रमुख तेच, प्राध्यापकही तेच, आणि शिपाई रजेवर असला की शिपाईही तेच.

सरांचा जीव गाळाच्या खडकांवर होता. वाळू, चिखल, चुना यांचे थरावर थर बसून जे खडक तयार होतात ते. त्यातही खडकावर नव्हे, खडकातल्या भोकांवर. खडकाला जीभ लावली आणि ती चिकटली की समजावं, आत बारीक भोकं आहेत आणि ती ओल ओढून घेतायत. हा त्यांचा पहिला धडा. आता दुर्दैव असं, की सर जन्मले खंडाळा तालुक्यात, नोकरी साताऱ्यात, आणि आमचा सगळा मुलूख काळ्या दगडाचा. जिकडं बघावं तिकडं लाव्हा. गाळाचा खडक बघायचा तर बदामीची गाडी धरायची, नाहीतर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरून कडप्प्याचा ओटा बघायचा. सर दोन्ही करत.

मी एकदा सहज म्हणालो, "सर, काळ्या दगडातसुद्धा भोकं असतात की."

"ते बुडबुडे," सर म्हणाले. "लाव्हा निवताना हवा अडकली, एवढंच. या भोकातलं त्या भोकाला कळत नाही. भोकं असून उपयोग काय? ती एकमेकींना जोडलेली पाहिजेत."

याच मापानं ते माणसंही मोजत. आमचे ग्रंथपाल म्हणजे काळा दगड, पोकळ्या भरपूर पण एकीचा दुसरीला पत्ता नाही. प्राचार्य म्हणजे त्यांच्या केबिनमधलं ग्रॅनाइटचं टेबल, वर काहीही ओता, वाहून जातं. हे त्यांनी प्राचार्यांना सांगितलंही, त्या टेबलावर ड्रॉपरनं पाण्याचा थेंब टाकून. माझ्याबद्दल विचारलं तर म्हणायचे, "तुमच्यावर थेंब टाकलाय. बघतोय."

सर दर शनिवारी एसटीनं गावी जात, सोमवारी परत येत. येताना खंबाटकीच्या घाटात एका वळणावर काळ्या कड्यात मधूनच लाल मातीचा पट्टा दिसतो. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कधीकाळी साठलेली जुनी माती. दोन काळ्यांच्या मधे तेवढंच काय ते आपलं, म्हणून सर खिडकीतून तिला हात जोडत. शेजारचे प्रवासी बघत आणि इथं देऊळ असणार असं समजून तेही हात जोडत. पुढं कंडक्टर हात जोडू लागला. मग ड्रायव्हर त्या वळणावर गाडी हळू करू लागला. एका सोमवारी सरांनी तिथं फोडलेला नारळ आणि उदबत्तीची काडी बघितली आणि कॉलेजात येऊन मला म्हणाले, "मातीला एवढा मान मी प्रथमच बघितला."

ते खरं बोलत. हा त्यांचा गुण म्हणावा की आजार, मला अजून ठरवता आलेलं नाही. कॉलेज तपासायला समिती आली होती. समितीनं विचारलं, विद्यार्थी किती? सर म्हणाले, एक. निकाल किती टक्के? सर म्हणाले, "ती पास झाली तर शंभर, नापास झाली तर शून्य." प्राचार्यांनी मागून कोट ओढला, तर सर समितीला म्हणाले, "हे माझा कोट ओढतायत." सरांनी लग्न का केलं नाही हे कॉलेजात कुणीही त्यांना विचारलं नव्हतं. ते खरं कारण सांगतील या भीतीनं.

आता भोकांचं. सरांचं म्हणणं थोडक्यात असं. वाळूच्या दगडातलं एक भोक घ्या, त्याचा फोटो काढा, मोठा करा. भोकाच्या कडेला आणखी लहान भोकं दिसतात. त्यातलं एक घेऊन आणखी मोठं करा. पुन्हा तशीच कडा, तसेच कोपरे, तशीच आणखी लहान भोकं. आईच्या चेहऱ्याची मुलगी, मुलीच्या चेहऱ्याची नात. त्यामुळे नुसता फोटो बघून भोक केवढं आहे हे कुणाला सांगताच येत नाही. नवा माणूस आला की सर त्याच्यापुढं फोटो टाकत, "सांगा, केवढं?" मी पहिल्या फोटोला म्हणालो गुहा, तर ते केसाहून बारीक निघालं. शहाणा होऊन दुसऱ्याला म्हणालो केसाहून बारीक, तर ती बदामीची गुहा होती आणि कोपऱ्यात एक माकडही बसलेलं होतं.

मग अशा भोकाच्या भिंतीला काय म्हणायचं? कागदासारखी सपाट असती तर तिची मिती दोन. विटेसारखी भरीव असती तर तीन. ही इतकी चुरगळलेली की सपाटही म्हणवत नाही आणि भरीवही. म्हणून तिची मिती दोन आणि तीनच्या मधे कुठंतरी. मला गणितवाल्याला हे पुस्तकातून ठाऊक होतं. त्या मधल्या जागेत एखादा माणूस राहायलाच गेला असेल हे ठाऊक नव्हतं. आमची खानावळ एकच होती. तिथल्या मावशी विचारायच्या, "सर, चपात्या किती वाढू?" सर विचार करून म्हणायचे, "दोन आणि तीनच्या मधे." मावशी अडीच वाढायच्या. सर म्हणायचे, "त्याहून किंचित जास्त." मावशी माझ्याकडे बघून म्हणायच्या, "ह्येंचं पोट भरतंय का न्हाई त्ये देवाला ठावं, माझं डोस्कं मातूर भरलंय."

दिवाळीला सरांना फराळाला बोलावण्याची चूक प्रत्येक सहकारी एकदाच करायचा. सर अनारसा हातात घेत, खिशातून भिंग काढत आणि त्याची जाळी बघत बसत. घरच्या बाईला वाटायचं, केस निघाला. ती बिचारी लाल होऊन दुसरा अनारसा आणायची, सर तोही बघत. शेवटी म्हणत, "पहिल्याची जाळी जास्त जोडलेली आहे," आणि दोन्ही खिशात घालून घरी नेत.

ती मिती काढायची म्हणजे मोजायचं. भोकाच्या फोटोवर चौकटींचा पारदर्शक कागद ठेवायचा आणि किती चौकटींत भोक येतं ते मोजायचं. मग त्याहून बारीक चौकटींचा कागद, मग त्याहून बारीक. हे काम संगणक चुटकीसरशी करतो. पण सरांचं म्हणणं, संगणक मोजतो, बघत नाही. म्हणून ते हातानं मोजायचं, आणि एकाच्या मोजण्यावर विसंबायचं नाही, दोघांनी वेगवेगळं मोजायचं. एक मोजणारी त्यांची ती एकुलती विद्यार्थिनी. ती सांगलीकडची, एम.एस्सी. करून सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. दुसरा मोजणारा म्हणून त्यांनी मला धरलं, कारण माझ्याकडे तासिका कमी आणि वेळ भरपूर होता.

तिची माझी भांडणं त्या कागदावरच सुरू झाली. भोकाची कडा चौकटीला नुसती चाटून गेली तर ती चौकट धरायची का? ती म्हणायची धरायची, मी म्हणायचो नाही. आमचे आकडे कधी जुळेनात. सरांकडे न्याय मागायला गेलो तर म्हणाले, "दोघं मिळून ठरवा. मला आकडा एकच हवा." एक आकडा यायला वर्ष गेलं. तोवर आम्हाला एकमेकांशिवाय दुसरं काही सुचेनासं झालं होतं.

तिचे वडील, आण्णा, सांगलीजवळ कृष्णाकाठच्या एका गावात हळदीचे व्यापारी. जैन घर. सूर्य मावळल्यावर पाण्याचा घोटसुद्धा नाही. आम्ही म्हसवडचे, रविवारी मटणाशिवाय ज्यांना रविवार उजाडल्यासारखा वाटत नाही असे. शिवाय माझी नोकरी तासावर. आण्णांच्या मनात एका कोल्ड स्टोरेजवाल्यांचं स्थळ होतं आणि त्यांचा घरातला दंडक असा, की लग्न झालं की मुलीचं शिक्षण थांबलं. तिनं घरी धीर करून माझं नाव सांगितलं, तेव्हा आण्णा एवढंच म्हणाले, "त्येला तुझ्या सरांस्नी घिऊन येऊ दे. त्येंचा शब्द मी मानीन."

माझे वडील नाहीत. आईला हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापायची थांबली.

"त्यो दगड चाटणारा मानूस? त्येला म्होरं घालून तू जैनाची लेक मागाय निघालाईस?"

"आई, ते तिचे सर आहेत. खरं बोलतात म्हणून आण्णा त्यांना मानतात."

"आन पोरगी लगीन करून गेली की त्येंच्याकडं शिकाय कोन ऱ्हातंय?"

"कुणी नाही. विभाग बंद होईल."

आईनं हाताचं पीठ झटकलं. "सवताच्या पायावर सवताच्या हातानं धोंडा घालाय निघालेला मानूस मी पयल्यांदा बगितला," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

सरांना मी आडून आडून विचारलंही. ते म्हणाले, "तिला तुम्ही हवे आहात असं तीच म्हणाली. मग माझ्या विभागाचा प्रश्न येतो कुठं? मी येतो. मात्र विचारलं तर खरं सांगणार." या शेवटच्या वाक्यानं माझी झोप उडाली. सातारा ते सांगली मी त्यांच्या कानाशी लागलो होतो. नोकरीचं विचारलं तर नुसतं 'बघू' म्हणा सर. खाण्याचं विचारलं तर विषय बदला सर. सर खिडकीतून बाहेरचे काळे दगड बघत होते आणि तोंड वाकडं करत होते.

सर, आई आणि मी पोचलो आणि आण्णांच्या घरी बैठक नीट सुरू झाली. पांढरंशुभ्र धोतर, पांढरी टोपी, बोलणं मोजकं. कांदा नसलेले पोहे आले. आईनं पहिला घास घेतला आणि काहीतरी हरवल्यासारखा चेहरा केला. मग सर हात धुवायला म्हणून मागच्या दारी गेले. चहा आला, चहा निवला, सर येईनात. आण्णांनी घड्याळाकडे बघितलं. तेवढ्यात आतून तिचा आवाज आला, "आण्णा, सर पेवात उतरलेत!"

पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत एखादी खोली मावेल एवढं पोट. हळद भरून तोंड बुजवलं की वर्षानुवर्षं तशीच राहते, ना कीड ना बुरशी. नदी हाकेच्या अंतरावर, तरी आत ओल नाही. महापुरांनी पुष्कळ पेवं गिळली आणि उरलेल्या व्यापाऱ्यांनी कोल्ड स्टोरेज धरलं. आण्णांनी मात्र परसातलं एक पेव हट्टानं चालू ठेवलं होतं आणि गावात त्यावरून त्यांची चेष्टा व्हायची. त्या दिवशी सकाळीच माणसांनी त्यातली हळद बाहेर काढली होती आणि शिडी तशीच होती.

पेवात उतरायची एक रीत आहे. तोंड उघडं ठेवायचं, मग पेटता कंदील दोरानं आत सोडायचा. कंदील तेवत राहिला तरच माणूस उतरतो. विझला तर आतली हवा जीव घेणारी आहे असं समजायचं. आण्णा अनवाणी धावले. म्हातारा माणूस असा धावताना मी बघितला नव्हता. मीही मागोमाग धावलो, लग्नाचं त्या क्षणी पार विसरलो.

"सर! आवं सर! कंदील न्हाई सोडला तुमी!" आण्णा तोंडाशी ओणवून ओरडले आणि कंदील पेटवून खाली सोडला. कंदील खाली गेला. तेवत राहिला. खालून सरांचा आवाज आला, "वा! छान उजेड पडला. आणखी थोडा डावीकडे घ्या."

आण्णांनी दोर दगडाला बांधला. "वर या," ते म्हणाले.

"इतक्यात नाही. काय भिंत आहे आण्णा! नदीचा गाळ, अर्धा खडक होत आलेला. जीभ सुटत नाहीय."

"बैठक चाललीया सर!"

"चालू द्या की. मला ऐकू येतंय."

आण्णांनी वर आभाळाकडे बघितलं, खाली पेवाकडे बघितलं आणि सरळ पेवाच्या काठावर मांडी घातली. मग आम्हीही बसलो. आईनं पदर डोक्यावर ओढला आणि माझ्या लग्नाची बोलणी त्या भोकाच्या भोवती सुरू झाली. प्रश्न आण्णा खाली टाकत, उत्तर वर यायचं, आणि पेवाचं पोट असं, की प्रत्येक उत्तर घुमून यायचं.

"पोराची नोकरी कायम हाय का?"

"नाही... नाही..." घुमलं.

"हुईल का?"

"बहुतेक नाही. गणिताला मुलंच नाहीत."

आईनं कपाळावर हात मारला. "मांस-मच्छी?" आण्णांनी विचारलं.

"खातो. मी बघितलंय. मागून घेऊन खातो."

"सोडलं!" मी ओरडलो. "आजपासून सोडलं!" आईनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी घरदारच सोडलं होतं.

"सभाव कसा हाय?"

 सर म्हणाले, "मोजताना घाई करतो. पण सांगितलेलं मुरतं त्याच्यात. उशिरा मुरतं, पण मुरलं की राहतं." हे ऐकून मला इतकं भरून आलं, की मगाचं मटण मी त्यांना माफ करून टाकलं.

आण्णांनी विचारलं, "तुमची पोरगी असती तर दिली असती का?"

"नसती दिली," सर म्हणाले. "इतक्यात तरी नसती दिली. तिचं काम अर्धं राहिलंय."

संपलं, असं मी मनात म्हणालो. कोल्ड स्टोरेजवाल्यांची वरात मला डोळ्यांसमोर दिसायला लागली. आण्णा उठले. मला वाटलं, आम्हाला चपला दाखवतायत. पण त्यांनी धोतर खोचलं, शिडीवर पाय ठेवला आणि गुडघे कुरकुरत असताना एकेक पायरी उतरत पेवात दिसेनासे झाले.

त्यानंतर दोघांचं काय चाललंय ते आम्हाला नीट कळेना. मधूनच "हितं लावा जीभ" असा सरांचा आवाज, मग बराच वेळ काही नाही, मग आण्णांचा हसण्याचा आवाज. तिची आई काठाशी येऊन म्हणाली, "आवं, दिस कलला की! जेवायचं न्हवं का? मावळला तर सगळं घर उपाशी ऱ्हाईल!" खालून आण्णा म्हणाले, "आलो." आले नाहीत. ती पुन्हा आली, ताटं मांडून. पुन्हा "आलो." आमच्या म्हसवडच्या एसटीत फोनवर बोलणाऱ्यांकडूनसुद्धा मी 'आलो' इतक्या वेळा ऐकलेलं नाही.

अगदी टेकत्या उन्हात दोघं वर आले. डोक्यापासून पायापर्यंत पिवळे. कुणीतरी शेजाऱ्यानं हळद लागल्याचा विनोद केला, कुणी हसलं नाही. आण्णा हातपाय धुऊन सरळ पाटावर बसले, भराभर चार घास खाल्ले, सूर्याकडे नजर टाकली, पाणी प्यायले आणि मग बोलले.

"बापजाद्यापास्नं बगतोय, हळद हितं टिकती, आन पल्याडच्या शेतात पेव काडलं तर कुजती. का, त्ये कुनाला ठावं न्हाई. सरांस्नी इचारलं, तर म्हनाले मलाबी ठावं न्हाई, मातीतली भोकं मोजावी लागतील. म्हटलं मोजनार कोन? म्हनाले, एकच पोरगी हाय मोजनारी, आन तिला तुमी लगीन करून घरात बसवाय निगालाय."  लेकीकडे त्यांनी बघितलं नाही, पण आवाज तिच्यासाठी होता. "पोरगी दिली."

आईनं हात जोडले. मी उठून पाया पडायला वाकलो.

"पर आत्ता न्हाई," आण्णा माझ्या डोक्यावरून म्हणाले. "आदी ती पेवाची मोजनी पुरी करंल. पार शेवटच्या भोकापत्तुर. सर ज्या दिवशी म्हनतील झालं, त्येच्या म्होरल्या मुहूर्ताला लगीन."

मी वाकलेला तसाच राहिलो आणि मान वळवून सरांना विचारलं, "सर, किती दिवस लागतील?"

"खरं सांगायचं तर," सर पिवळ्या भुवया पुसत म्हणाले, "शेवटचं भोक नसतं."

"नसू द्या," आण्णा म्हणाले. "सर म्हनतील तवा. पोरगं थांबंल की. थांबून हळद कुटं नासती?"

असं माझं लग्न ठरलं. मध्यस्थ म्हणून नेलेल्या माणसानं मला होकार मिळवून दिला आणि त्याला अशी अट लावून आणली, की गणिताच्या नियमानं ते लग्न कधीच होऊ नये. परतीच्या एसटीत आई एकच वाक्य बोलली, "लई हुशार मास्तर हाय तुझा."

मग दोन पावसाळे आम्ही पेवाची माती मोजली. कॉलेजचं सूक्ष्मदर्शक संपलं, तरी खाली भोकं होतीच. दुसऱ्या कॉलेजचं मोठं यंत्र झालं, तरी होतीच. मग पुण्याच्या एका प्रयोगशाळेत रांग लावून फोटो काढून आणायचे. दर वेळी पाकीट उघडताना मी देवाचं नाव घ्यायचो आणि दर वेळी आत आईच्या चेहऱ्याची मुलगी. तिला मजा यायची. मला त्या भोकांचा मनापासून राग यायला लागला होता. रात्री डोळे मिटले की चौकटी दिसायच्या. आईचा म्हसवडहून फोन यायचा, "झालं का मोजून?" नाही म्हटलं की, "दुसरी बगू का?"

आण्णा महिन्याला साताऱ्यात येऊ लागले, मोजणी कुठवर आली ते बघायला. पुढं पुढं ते मोजणी विचारायचं विसरले. मान वाकवून जिन्याखाली शिरायचे, सरांसमोर बसायचे, आणि दोघं भिंग घेऊन एकमेकांना ढेकळं दाखवायचे. एकदा हॉटेलात त्यांनी इडली फोडून भिंगाखाली धरली, तेव्हा मी समजलो, की ही अट आता कुणालाच आठवत नाही, माझ्याखेरीज.

आणि मग तो दिवस आला. पुण्याहून नवं पाकीट आलं होतं. योगायोगानं आण्णाही आले होते. जिन्याखाली आम्ही चौघं. सरांनी पाकिटातून फोटो बाहेर काढला, खिडकीशी नेला, भिंग लावलं. बराच वेळ बघत होते. वरून मुलं जिना उतरत होती, पाय वाजत होते. मी आता 'आणखी मोठा करून आणा' ऐकायची तयारी करून बसलो होतो.

सर म्हणाले, "याच्या खाली काही नाही. मोजणी झाली."

आण्णांनी विचारलं, "नक्की?"

"नक्की." सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. उकाडा असेल, असं मला वाटलं. तिनं फोटो बघायला हात पुढं केला, तर सरांनी तो पाकिटात घालून पाकीट कपाटात टाकलं.

पुढच्या मुहूर्ताला लग्न झालं. तिचा प्रबंध झाला. या मातीतली भोकं ओल आत घेतात पण पुढं जाऊ देत नाहीत, अशी काहीतरी हळद टिकण्याची अर्धी कथा त्यात आहे आणि अर्ध्यावरही आण्णा खूश होते, गावात जो भेटेल त्याला सांगत होते. आणि ती पास होऊन बाहेर पडली, विद्यार्थी कुणी उरलं नाही, त्या जूनमध्ये विभाग बंद झाला. जिन्याखाली आता परीक्षेच्या जुन्या उत्तरपत्रिका ठेवतात. सामान आवरायच्या दिवशी मी गेलो होतो. सरांनी सगळे दगड पोत्यात भरले, एकेकाला जीभ लावून. मला रडू आलं. ते म्हणाले, "जागेची अडचण होतीच. डोकं आपटायचं."

आता आम्ही सांगलीत असतो. ती एका मोठ्या प्रयोगशाळेसाठी काम करते. मध्यंतरी तिथं नवं यंत्र आलं आणि तिनं हौसेनं जुन्या पेवाच्या मातीचा तोच तुकडा त्याखाली धरला. संध्याकाळी घरी आली ती फोटो घेऊनच. सरांनी जिथं मोजणी संपवली होती, त्याच्या खाली भोकं होती. खच्चून होती. तशीच कडा, तसेच कोपरे. ती म्हणाली, "सरांना सांगायला हवं. त्यांची चूक झाली हे त्यांना कळायला हवं. ते खऱ्याला मानतात." मी नको म्हणालो. या वयात कशाला, असं मला वाटलं. ती ऐकणारी नव्हती.

रविवारी आम्ही सरांच्या गावी गेलो. सर ओसरीवर बसले होते, पाय लांब करून, पाठीशी काळ्या दगडाची भिंत. आता ऐकू कमी येतं. तिनं फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला आणि मोठ्यानं, पण जपून सांगितलं, "सर, तेव्हा आपण म्हणालो होतो खाली काही नाही. खाली होती. आपलं चुकलं होतं."

सरांनी फोटो उचलला नाही. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तेव्हाच दिसली होती," ते म्हणाले. "पण तुम्ही तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होता."